इंद्रायणी भाताचं बियाणं: मावळातल्या एका शेतकरी घराचा अभिप्राय

मे महिना लागला की आमच्याकडे एकच विषय असतो, यंदा खाचरात काय टाकायचं. कृषी सेवा केंद्रात गेलं की दुकानदार पहिल्यांदा एकरी उत्पन्न सांगतो. पिशवीवरही तेच ठळक छापलेलं असतं. इंद्रायणीबद्दल लिहिताना मी तिथून सुरुवात करणार नाही, कारण आमच्या घरात वाण ठरतं ते गिरणीवर आणि चुलीपाशी. भात किती पोती झालं हे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्या पोत्यांतून अख्खा तांदूळ किती निघाला आणि तो शिजवून खाल्लेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत आलं का, हे कोणी विचारत नाही. आमचा वर्षाचा हिशेब मात्र त्यावरच लागतो.

आम्ही पवन मावळातले. नदीकडची खोल खाचरं आहेत, डोंगराच्या अंगाला वरची काही आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात इंद्रायणी बघते आहे. मधल्या काळात दुसरी वाणंही लावून झाली, तेव्हा हा अभिप्राय एका हंगामावरचा नाही.

आधी वाणाचं कूळ सांगते, कारण त्याचे सगळे गुण-दोष तिथूनच आलेत. इंद्रायणी आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं वाण. १९८७ साली ते शेतकऱ्यांना मिळालं. आई आंबेमोहर १५७, बाप आयआर ८. आयआर ८ म्हणजे फिलिपाइन्समधल्या लॉस बॅनोसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली काढलेलं बुटकं वाण. खताला दाद देणारं, वाऱ्यात उभं राहणारं, पोत्यांनी पिकणारं. पण त्याचा दाणा जाडसर, पोटात पांढरट खडूसारखा, गिरणीत तुटणारा, आणि भात गार झाला की टणक. पोट भरण्यासाठी लोकांनी ते घेतलं, आवडीने खाल्लं असं कोणी म्हणत नाही. आंबेमोहर त्याच्या अगदी उलट. झाड उंच, ऐन लोंब्या भरल्यावर पाऊस आला की आडवं पडतं, करपा रोग लवकर धरतं, पीक थोडं. पण शिजायला लागला की ओसरीवर बसलेल्या माणसाला कळतं. सासूबाई सांगतात, पूर्वी आंबेमोहर सणाला आणि पाहुण्याला असायचा, रोजच्या ताटात जाडाभरडा. इंद्रायणी आल्यावर हा फरक मिटला. वास आंबेमोहरइतका नाही, पण आहे, आणि पीक इतकं की रोज खाता येतं नि विकताही येतं.

शेतातलं थोडक्यात सांगते. १३५ ते १४० दिवसांचं वाण आहे. कृषी विद्यापीठ हेक्टरी ४५ ते ५० क्विंटल सांगतं, म्हणजे एकरी १८ ते २०. आमच्या खालच्या खाचरांत एवढं निघतं. वरच्या खाचरांत निघत नाही, कारण पाऊस सप्टेंबरच्या शेवटी गेला की तिथलं पाणी आटतं आणि दाणा भरायच्या वेळेला झाड तहानतं. अशा जागी हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं वाण लावावं, इंद्रायणीचा हट्ट धरू नये. युरिया हात सैल सोडून टाकला तर झाड माजतं, ढगाळ हवेत करपा येतो आणि परतीच्या पावसात लोळतं. आम्ही चार सूत्री पद्धतीने, युरिया-डीएपी खताच्या ब्रिकेट म्हणजे गोळ्या, रोपांच्या चार चुडांच्या मध्ये खोचून लावतो. खत वाया जात नाही आणि झाड बेताचं राहतं.

आता गिरणी. या वाणाचा खरा कस तिथे लागतो, म्हणून इथे जरा रेंगाळते.

इंद्रायणीचा दाणा लांब आणि बारीक आहे. लांब दाणा दिसायला देखणा, पण तुटायला सोपा. क्विंटलभर भात भरडलं की वीसेक किलो तूस जातं, आठ-दहा किलो कोंडा जातो, चाळताना-पाखडताना थोडी घट येते, उरतो तो तांदूळ. त्यात अख्खा किती आणि कणी किती, यावर सगळं आलं. नीट वाळलेल्या भाताचा आम्हाला क्विंटलमागे ५५ किलोच्या आसपास अख्खा तांदूळ आणि १० किलो कणी मिळते. तेच भात वाळवताना हेळसांड झाली की कणी दुप्पट होते.

हेळसांड म्हणजे काय, तर कापणी लांबवणं आणि घाईने वाळवणं. लोंबीतले दहातले आठ-नऊ दाणे पिवळे झाले की कापायचं, पूर्ण वाळायची वाट बघायची नाही. शेतात उभं राहून दिवसा तापलं आणि रात्री दवात भिजलं की दाण्याला आतून तडे जातात. झोडल्यावर डांबरी रस्त्यावर भात पसरण्याची आमच्याकडे सवय आहे, तीही बंद व्हायला हवी. खालून डांबर, वरून ऊन, दाणा वरून वाळतो आणि आतून ओला राहतो, मग तडकतो. आम्ही ताडपत्रीवर पातळ पसरतो, तासा-दीड तासाने पायाने सऱ्या पाडून हलवतो, भर दुपारी ऊन चढलं की ढीग करून झाकतो आणि उतरत्या उन्हात पुन्हा पसरतो. झालं का ते दाताखाली धरून बघायचं. दाणा चेपला तर ओला आहे. कट्‌ वाजून दोन तुकडे झाले की पोती भरायची.

कामशेतच्या बाजूला ज्या गिरणीत आम्ही भात नेतो तिथले मामा पोतं उतरवण्याआधी मूठभर भात घेतात. चार दाणे अंगठ्याने तळहातावर रगडून सोलतात आणि दाराच्या उजेडाकडे धरतात. दाण्यात आडवी बारीक रेघ दिसली की म्हणतात, "ताई, हे तुटणार." यंत्र सुरू व्हायच्या आधीच त्यांना कळलेलं असतं. आणखी एक गोष्ट ते नेहमी बघतात, भेसळ. बियाणं मिसळीचं असेल तर पोत्यात जाड आणि बारीक दाणे एकत्र येतात. रबरी रोलरचं अंतर कुठल्यातरी एकाच जाडीला जुळतं. जाडाला जुळवलं तर बारीक न सोलता निघून जातो, बारकाला जुळवलं तर जाड चिरडतो. म्हणून बियाण्याची शुद्धता हा शेतातल्या दिसण्याचा प्रश्न नाही, तो गिरणीतल्या पैशाचा आहे. लोंब्या बाहेर पडताना वेगळ्या उंचीची, वेगळ्या रंगाची झाडं मी स्वतः खाचरात फिरून उपटते. कंटाळवाणं काम आहे, पण त्याची मजुरी गिरणीत वसूल होते.

जुन्या लोखंडी हलरवर इंद्रायणी नेऊ नये. रबरी रोलरवर सोलून एकदाच हलकं पॉलिश द्यावं. दोन-तीन हात पॉलिश दिलं की तांदूळ काचेसारखा चमकतो, पण वास आणि चव कोंड्यात निघून जाते. हातसडीला हल्ली मागणी आहे, ती जरूर द्यावी, मात्र एका वेळी थोडीच भरडावी, कारण कोंड्यातल्या तेलामुळे ती लवकर खवट होते.

आता भात म्हणून इंद्रायणी कशी आहे ते सांगते. मऊ, चिकट, किंचित गोडसर. वरण-भात, पिठलं-भात, मुगाची खिचडी, दही-भात, यांना मी याच्यापुढे दुसरा तांदूळ ठेवणार नाही. आसट भात करून वर तुपाची धार सोडली की आजारी माणूसही दोन घास जास्त जेवतो. उकडीच्या मोदकांना नव्या तांदळाची पिठी घ्यावी, पारी चिरत नाही. नव्या तांदळाला दुपटीला थोडं कमी पाणी लागतं, वर्षभर मुरलेल्याला पुरतं दुप्पट. बिर्याणी, पुलाव किंवा मोकळा मसालेभात करायचा असेल तर हा तांदूळ घेऊ नका. शीत शिताला चिकटणार, तो त्याचा स्वभाव आहे. त्या कामाला कोलम किंवा बासमती आहेत.

मऊपणाचं कारण मला कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात कळलं. तांदळातल्या स्टार्चमध्ये अ‍ॅमिलोज नावाचा एक भाग असतो. तो २५ टक्क्यांच्या वर असला की भात मोकळा, फुगीर होतो आणि गार झाल्यावर घट्ट, कडक बनतो. आयआर ८ मध्ये तो असाच जास्त. प्रमाण कमी असलं की भात मऊ आणि चिकट. शास्त्र हे एवढंच, पण आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत त्याची किंमत कळते. पहाटे शिजवलेला भात डब्यात भरून खाचरावर जातो आणि चिखलातून वर येऊन बायका तो दुपारी बांधावर गारच खातात. इंद्रायणीचा डबा दुपारीही मऊ असतो. कडक होणारा तांदूळ डब्यात दिला की निम्मा परत येतो. बाजारात कुठलंही वाण कितीही गाजो, बांधावरच्या या जेवणात ते उतरलं नाही तर घरातल्या बाईच्या मनातून उतरतं आणि पुढच्या वर्षी बियाण्याच्या यादीत राहत नाही.

तरी एक गोष्ट इंद्रायणीच्या विरुद्ध जाते ती सांगायला हवी. कष्टाच्या माणसाला हा भात पोटात टिकत नाही. आमच्याकडे आवणीला येणाऱ्या मावश्या स्पष्ट सांगतात, याने तासाभरात पुन्हा भूक लागते. म्हणून आम्ही दोन खाचरं जाड वाणाला ठेवतो. त्याची भाकरी होते, कामाच्या दिवसांत तीच खपते. असं करणारी घरं मावळात पुष्कळ आहेत. एका घरात दोन वाणं का, असं कृषी सहायक विचारतात, तर हे उत्तर आहे: विकायला आणि भाताला एक, भाकरीला दुसरं.

वासाबद्दल गिऱ्हाइकं सर्वांत जास्त विचारतात. बासमतीत जो घटक सुगंध देतो तोच आपल्या सुवासिक तांदळांत असतो. तो हवेत उडून जाणारा आहे. म्हणून नवा तांदूळ दरवळतो आणि पावसाळ्यापर्यंत वास उतरतो. दाणा भरताना रात्री थंड असतील तर वास चांगला धरतो, आमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी पवनेकाठी गारठा पडतो त्याचा हा फायदा. चिंचवडच्या एक काकू दिवाळीनंतर येतात. मूठभर तांदूळ हातात घेऊन दोन्ही तळव्यांत चोळतात, त्यावर तोंडाने गरम वाफ सोडतात आणि मग हुंगतात. पसंत पडला की वर्षाचा तांदूळ बांधून नेतात, नाहीतर सरळ "यंदा नको" म्हणतात. त्यांचं म्हणणं मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचं वाटतं, कारण ते पैसे देऊन केलेलं असतं.

सरकारी भावात या कशालाच जागा नाही. २०२५-२६ च्या खरिपाला केंद्राचा हमीभाव साध्या भाताला क्विंटलला २३६९ रुपये आणि 'अ' दर्जाला २३८९ रुपये होता. फरक फक्त २० रुपयांचा, आणि दर्जा ठरतो दाण्याच्या लांबी-रुंदीवरून. मऊपणा, वास, चव यांचा रकानाच नाही. मागे अभ्यास दौऱ्यात भंडाऱ्याचे शेतकरी भेटले होते. तिकडे सरकारी खरेदी केंद्रावर भात जातं, म्हणून एमटीयू १०१० सारखं पोती भरणारं वाण खरेदी केंद्रासाठी, आणि घरी खायला व व्यापाऱ्याला द्यायला एचएमटी किंवा जय श्रीराम ही वाणं, अशी त्यांची वाटणी असते. त्यांचं वागणं मला अगदी बरोबर वाटलं. वजनालाच पैसे मिळणार असतील तर शेतकरी वजनच पिकवणार. एचएमटीचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली 'पटेल ३' या वाणाच्या खाचरात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या जपून वेगळ्या लावल्या, वर्षानुवर्षं निवड केली आणि त्यातून बारीक दाण्याचं, शिजायला चांगलं असं हे वाण उभं राहिलं. घड्याळाच्या नावावरून त्याला नाव पडलं. दादाजी २०१८ साली गेले. एका लहान शेतकऱ्याने डोळ्यांनी पारखलेला दाणा एवढ्या लोकांनी लावला, याचं मला फार अप्रूप आहे.

आता संकरित वाणाबद्दल, कारण दुकानात इंद्रायणी मागितली की शेजारची पिशवी पुढे केली जाते. आमच्या भाऊजींनी एका खासगी कंपनीचं संकरित बियाणं शेजारच्याच खाचरांत लावलं होतं. पीक बघायला लोक यायचे, असं आलं होतं. एकरी २६ क्विंटल भात झालं, आमच्या इंद्रायणीचं १८. गिरणीत गेल्यावर मात्र क्विंटलमागे अख्खा तांदूळ ४५ किलो निघाला आणि कणी २०. भात शिजवला तर काही शितं मोडली, काही आतून कडक राहिली. याचं कारण वाणातच आहे. संकरित झाडावर येणारा दाणा ही पुढची पिढी असते, आणि तिच्यात आई-बापाचे गुण फुटून वेगवेगळे येतात. एकाच लोंबीत शिजायला वेगवेगळे दाणे असू शकतात. घरचं बियाणंही त्यातून राखता येत नाही.

हिशेब असा झाला. त्यांचा अख्खा तांदूळ ४० रुपये किलोने गेला आणि कणी २५ ने, क्विंटल भातामागे २३०० रुपये, एकरी ५९,८००. आमची इंद्रायणी घरातून ७० ने आणि कणी ३० ने गेली, क्विंटलमागे ४१५० रुपये, एकरी ७४,७००. भरडाई, वाहतूक, पिशव्या दोघांनाही लागल्या, आणि त्यांना आठ क्विंटल भात जास्त भरडावं लागलं. भाऊजी पुढच्या खरिपाला इंद्रायणीवर परत आले.

पण हा हिशेब तांदूळ विकणाऱ्याचा आहे. जो शेतकरी खळ्यावरूनच व्यापाऱ्याला भात मोजून देतो, त्याला तोल वेगळा पडेल. खळ्यावर येणारा व्यापारी इंद्रायणीला थोडं जास्त देतो, आठ क्विंटलचा फरक भरून निघेल एवढं देत नाही. ज्याला घरी वाळवायला जागा नाही, गिरणी लांब आहे, गिऱ्हाईक बांधलेलं नाही, त्याला नुसतं "चांगलं वाण लावा" असं सांगणं मला पटत नाही. गावात चार घरांनी मिळून ताडपत्र्या घेतल्या, एकाच गिरणीवर एका दिवशी भात नेलं आणि पाच-दहा किलोच्या पिशव्या करून पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांत दिल्या, तर इंद्रायणीचे पैसे होतात. आमच्या वाडीत हे बायकांच्या बचत गटाने सुरू केलं. भाव गटाच्या बैठकीत ठरतो, कोणी एकटीने कमी करायचा नाही.

बाजारातल्या फसवणुकीबद्दलही सांगते, म्हणजे घेणाऱ्यांना उपयोग होईल. इंद्रायणीच्या नावावर महामार्गावर काहीही मिळतं. खरा तांदूळ दुधासारखा पांढराशुभ्र नसतो, हलका पिवळसर असतो. थोडी कणी असतेच, एकही तुटका दाणा नसेल तर तो निवडून, पॉलिश करून आलेला आहे किंवा दुसराच आहे. शिजवल्यावर शीत मऊ व्हायला हवं आणि झाकण काढल्याबरोबर वास यायला हवा. वास नुसता कच्च्या तांदळाला येत असेल आणि भाताला येत नसेल तर घेऊ नका.

बियाणं घेताना प्रमाणित पिशवीच घ्यावी, पावती आणि पिशवीवरचा टॅग हंगाम संपेपर्यंत जपावा. एकदा चांगलं मूळ बियाणं आणलं की हे सरळ वाण, म्हणजे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरणारं, असल्यामुळे घरचं बियाणं दोन-तीन वर्षं राखता येतं, खाचराच्या मधल्या भागातलं, भेसळ उपटून काढलेलं. पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावं, तरंगणारं पोचट काढून टाकावं, तळाचं दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावं.

यंदा आमच्या खालच्या सगळ्या खाचरांत इंद्रायणीच आहे, वर हळवं, आणि विहिरीजवळची दोन भाकरीच्या भाताला. तुम्ही पहिल्यांदाच लावणार असाल तर बियाण्याआधी दोन किलो तांदूळ कुठल्यातरी शेतकऱ्याकडून घरी आणा, सकाळी शिजवा आणि दुपारी गार खाऊन बघा. घरातल्या सगळ्यांना विचारा, आणि मगच दुकानात जा. मेच्या मध्यालाच जा, जून लागल्यावर वडगावच्या बियाण्याची पिशवी मिळत नाही.